जोडीचं पोवळं

आश्विनातली दुपार कलली आणि समुद्राने रंग बदलला. सकाळी तो मोरपंखी होता. मध्यान्ही शिसवी झाला. आणि आता, पश्चिमेच्या पोटातून उसळून आलेल्या कृष्णमेघांच्या छायेत तो काळा झाला; नुसता काळा नव्हे, अंगणात काळ्या मण्यांची रास ओतावी तसा गडद, लखलखीत, सळसळता काळा. लवणगंधी वारा माडांच्या झावळ्या पिंजत होता. हस्ताचा पाऊस जाता जाता मागे वळला होता. मोरवंड गावच्या सात होड्या पहाटे दर्यावर गेल्या होत्या आणि अजून एकही परतली नव्हती.

सात होड्या, सात शिडं, आणि किनाऱ्यावर सात घरांतल्या बायका. कुणी बोलत नव्हतं. बोललं की भीतीला नाव मिळतं, आणि नाव मिळालं की ती उंबरा ओलांडून घरात येते. म्हणून त्या नुसत्या वाळूत उभ्या होत्या, पदर डोक्यावरून घट्ट ओढून.

किनाऱ्यापासून शंभर पावलांवर, उंडीच्या झाडाखाली, भागीकाकीचं कौलारू घर. भागीकाकी म्हणजे पटवेकरीण, दागिने ओवणारी. ओटीवर चटई, चटईवर सूप, सुपात पांढरं फडकं, फडक्यावर मोती. पाय लांब करून ती बसे, उजव्या पायाच्या अंगठ्याला रेशमाचा दोरा अडकवी, आणि त्या ताणलेल्या, मेणवलेल्या, थरथरत्या रेषेवर मोती चढू लागत. शंखधवल मोती, दुग्धशीतल मोती, किंचित गुलाबी, किंचित हळदुवे मोती. नथीचे, तन्मणीचे, कुड्यांचे. मधूनच हिरवा पाचू, डाळिंबी माणिक, आणि दर्याच्या तळातून आलेलं तांबडंलाल पोवळं. तिच्या हातची गाठ कधी सुटली नाही, असा पंचक्रोशीत बोलबाला होता.

पण एक दागिना तिच्या ओटीवर कधी येत नसे. मंगळसूत्र. भागीकाकीचं कपाळ एकोणीस वर्षं रितं होतं, आणि रित्या कपाळाच्या बाईकडून काळे मणी ओवून घ्यायचे नाहीत, असा गावचा रिवाज. काळे मणी खाडीपलीकडच्या बाजारात जात, तिथल्या म्हाताऱ्या पटवेकऱ्याकडे. तोंडावर तिला कुणी काही म्हणालं नाही हो! माणसं चांगली होती. नुसती तरीत, खाडीवरच्या नावेत, बसून पलीकडे जात, एवढंच. आणि खरं सांगायचं तर भागीकाकीलाही ते बरंच वाटे.

कारण तिला स्वतःच्या हातांची भीती वाटत असे. मोत्यांपुरती नाही, माणकांपुरती नाही, काळ्या मण्यांपुरती. ही भीती तिने आजवर कुणापाशी बोलून दाखवली नव्हती.

त्या काळ्या दुपारी फाटक वाजलं. शेवंती आली. लवू तांडेलाची बायको. लग्नाला जेमतेम सात महिने झालेले. भिजलेली, अनवाणी, धापा टाकणारी, पदराची मोट पोटाशी कवटाळलेली. आणि गळ्यात, पिवळ्या दोऱ्यात बांधलेलं हळकुंड.

हळकुंड दिसलं मात्र, आणि भागीकाकीच्या बोटांतला मोती सुपात पडला.

"काकी," शेवंती म्हणाली, "माजा मंगळसूत्र वाढला."

तुटलं म्हणायचं नसतं. वाढलं म्हणायचं. शब्दाच्या आडोशाला उभं राहायचं, म्हणजे वाऱ्याला आपण दिसत नाही. विहिरीवर पाणी ओढताना रहाटाचा दोर गळ्यात अडकला, एक हिसका बसला, आणि मणी अंगणभर झाले. गळा रिकामा राहू नये म्हणून सासूने हळकुंड बांधलं आणि बजावलं, खाडीवरची तर सुरू झाली की बाजारात जा. पण खाडी फुगली होती. तर बंद होती. सासू किनाऱ्यावर गेली, आणि ही पोर मणी वेचून, मागच्या पाणंदीने, लपत छपत इथे आली.

"दिवेलागणीच्या आत गळ्यात व्हया गे काकी. तो दर्यात आसा."

"बाय माजे, आणि माज्याकडे इलंस?" भागीकाकीचा आवाज तिलाच परका वाटला. "माजो हात तुका चालाचो नाय."

"मगे आज कोणाचो चालतलो?"

भागीकाकीने हात पदराआड नेले. ओवलं, आणि लवू आला नाही, तर? गाव म्हणेल, भागीचा हात लागला. गावाचं जाऊ द्या, गाव काय, चार दिवस बोलतं. ती स्वतः म्हणेल, मरेपर्यंत म्हणेल. आणि नाही ओवलं, नि तो आला नाही, तर? ही पोर हळकुंड धरून ह्याच ओटीकडे बघत बसेल. इकडे आड, तिकडे विहीर, आणि मध्ये ही सात महिन्यांची नवरी, दात वाजतायत तिचे.

बाहेर वारा ओरडला. भागीकाकीने मोत्यांचं फडकं गुंडाळून बाजूला ठेवलं.

"वत हयसर," ती म्हणाली. शेवंतीने पदर सुपात रिता केला.

काळे मणी सरसरत उतरले. त्यांच्यामागून सोन्याच्या दोन वाट्या, इवल्याशा, गोल. आणि शेवटी एक पोवळं. ह्या किनाऱ्याची रीत अशी की वाट्यांच्या दोन्ही अंगांना एकेक पोवळं ओवायचं: एक तिचं, एक त्याचं. पोवळं दर्यात जन्मतं, म्हणून दर्या त्याला ओळखतो, असं म्हातारी माणसं सांगत. जोडीशिवाय ते कधी ओवत नाहीत.

सुपात पोवळं एकच होतं.

भागीकाकीने मणी चाळले. पुन्हा चाळले. सूप तिरकं केलं, बोटं फिरवली. "दुसरा खय?"

"नाय गावला," शेवंती रडकुंडीला आली. "अंगण झाडलंय. रहाटाखाली बघलंय. माती चाळलंय. तुज्याकडे आसतला मां एक?"

काळे मणी भागीकाकीच्या घरात, जुन्या दिवसांतले, पायलीने होते. मोती होते, पाचूचे तुकडे होते. पोवळी गिऱ्हाइकाबरोबर येत आणि जात; घरचं पोवळं मात्र, सगळ्या घरात, सगळ्या डब्यांत मिळून, एकच होतं. देवळीतल्या पितळी डबीत. आणि ती डबी एकोणीस वर्षांत उघडली गेली नव्हती.

ऐका, ते एकोणीस वर्षांपूर्वीचं.

भागी दागिने ओवी आणि तिचा घरधनी विश्राम ते दर सोमवारी तरीतून पलीकडच्या बाजारात पोचवी. पहाटे जाई, भरतीच्या आधी परते. अकरा वर्षं असं चाललं. एका सोमवारी एका नवरीची पोवळ्यांची माळ द्यायची होती, रक्तरंगी, दुपदरी, घाईची. माळ पुरी होत आली आणि एक पोवळं कमी पडलं. भागीने क्षणभर विचार केला, आपल्या मंगळसूत्राची गाठ सोडली, त्यातलं एक पोवळं काढलं, आणि माळेत घातलं. ओवणाऱ्याच्या घरात घरचा दागिना नेहमीच मागे राहतो. त्यात तिला काही वावगं वाटलं नाही. रिकाम्या जागी तिने लाखेचा तांबडा मणी ओवला.

"उद्या बदलतंय," ती म्हणाली.

विश्राम हसला. "लाखेची नवरी गे तू," म्हणून त्याने चिडवलं, माळ कमरेला बांधली, आणि गेला. खाडीच्या तोंडाशी तर उलटली. तो गेला, माळ गेली, माळेतलं तिचं पोवळं गेलं. उद्या उजाडला, पण बदलायला गळ्यात काही उरलं नव्हतं.

तर उलटली ती वाऱ्याने, हे कुणीही सांगेल. त्या दिवशी आणखी चौघे बुडाले, आणि त्यांच्या बायकांच्या गळ्यांत काही लाखेचे मणी नव्हते. पण हे मनाला कोण सांगणार? एकोणीस वर्षं भागीकाकी रात्रंदिवस एकच गोष्ट जाणत होती: मी जोडी मोडली. माझ्या हाताने मोडली.

आणि आज सुपात पुन्हा एकच पोवळं होतं. एकटं, तांबडं, पाण्याने भिजलेलं.

लाखेचा मणी घालावा? नाही, नाही, ते पुन्हा नाही! डबीतलं पोवळं घालावं? विधवेच्या गळ्यातलं, बुडालेल्या माणसाच्या जोडीतलं उरलेलं पोवळं, ह्या कोवळ्या गळ्यात? गुपचूप घातलं असतं तर शेवंतीला कळलंही नसतं. पोवळ्यावर का कुणाचं नाव लिहिलेलं असतं? पण गुपचूप घालणं भागीकाकीला जमण्यासारखं नव्हतं. तिने उठून डबी आणली. झाकण घट्ट बसलं होतं, चटकन निघेना. निघालं तेव्हा आतून जुन्या चंदनाचा, जुन्या घामाचा वास आला. काळे मणी, दोन वाट्या, लाखेचा फिकटलेला मणी. आणि पोवळं.

तिने ते तळव्यावर घेतलं आणि सांगितलं. सगळं सांगितलं. कुणाचं, कधीचं, ह्याची जोड कुठे गेली, कुणाबरोबर गेली, आणि का. बोलताना ती शेवंतीकडे बघत नव्हती. सुपातल्या एकट्या पोवळ्याकडे बघत होती. "माजी चूक ती," ती म्हणाली. "आजपर्यंत कोणाक सांगूक नाय. आता तूच बोल, बाय. तू नको म्हटलंस तर मी हात लावचंय नाय."

शेवंतीचा चेहरा कोऱ्या फडक्यासारखा पांढरा झाला. तिचा हात हळकुंडाकडे गेला आणि तिथेच राहिला. एक लाट फुटली. दुसरी फुटली. तिसरी फुटायला फार वेळ लागला. उजेड पिवळा झाला, मग करडा. भागीकाकीला वाटलं, आता ही उठेल, मणी पदरात भरेल आणि जाईल; आणि गेली तर बरंच, असंही वाटलं, आणि तसं वाटल्याची तिला लाज वाटली.

"काकी," शेवंतीने हळूच विचारलं, "ह्या पोवळा तुज्या गळ्यात किती वर्सां होता?"

"अकरा."

"आणि विश्रामकाका दर सोमवारी जायत?"

"दर सोमवारी. पाऊस आसो, वारो आसो."

"आणि परत येयत?"

"येयत गे. भरतीच्या आधी येयत."

"मगे घाल ता," शेवंती म्हणाली. तिचे दात अजून वाजत होते. "अकरा वर्सां मानूस घराक इलो, ता ह्या पोवळ्यान बघला. एक दिवस नाय इलो, तेवा जोड मोडलेली होती. आज जोड कर. घाल."

भागीकाकीने मान वर केली. एकोणीस वर्षं तिने एकच सोमवार मोजला होता. त्याच्या आधीचे, एवढे सगळे, दारातून आत आलेले, ओल्या पायांचे, माशाची पिशवी हलवत "गे भागी" म्हणून हाक मारणारे सोमवार. ते तिने मोजलेच नव्हते. ह्या पोरीने मोजले. भागीकाकीचे डोळे भरून आले, आणि ह्या डोळ्यांनी मण्याचं भोक दिसणार नाही म्हणून तिने ते खसकन पुसले.

मग तिने दोरा मेणावरून ओढला. अंगठ्याला अडकवला.

पहिला मणी तीनदा हुकला. जिच्या हाताखालून मोहरीएवढे मोती सरळ रेषेत गेले, तिला भोक सापडेना. चौथ्यांदा मणी चढला. मग दुसरा, मग तिसरा. काळा, काळा, काळा. बाहेर मेघ गडगडला की हात थबके, गडगड विरली की हात चाले. काळा, काळा, काळा. शेवंती श्वास रोखून बघत होती. तिचे ओठ हलत होते, ती प्रत्येक मणी मोजत होती. एक पोवळं, तिचं. एक वाटी, दुसरी वाटी. आणि मग भागीकाकीने डबीतलं पोवळं उचललं. ते गार होतं. बोटांत धरताच ते उबदार झालं, माणसाच्या अंगाला लागलेलं पोवळं होतं तसं. ते वाट्यांपाशी जाऊन बसलं. पुन्हा काळा, काळा, काळा, शेवटच्या मण्यापर्यंत.

शेवटची गाठ तिने तीन वेढ्यांची मारली. चौथा वेढा भीतीने मारला. दोरा दातांनी तोडला तेव्हा दिवेलागणीला अजून घटका होती.

शेवंतीने गळ्यात घातलं, हळकुंड सोडून देवळीत ठेवलं, भागीकाकीच्या पायांवर डोकं टेकवलं, आणि उठून पळत सुटली. ओल्या लुगड्याचा सपसप आवाज पाणंदीत विरला.

भागीकाकीने चटई झटकली. टक् असा एक आवाज आला.

जमिनीवरून काहीतरी घरंगळत गेलं आणि खांबाला अडलं. ती वाकली. पोवळं! शेवंतीचं पोवळं! तिच्या ओल्या निऱ्यांत अडकून आलेलं, इतका वेळ इथेच, हाताच्या अंतरावर पडलेलं. "अगो सटवे," भागीकाकी पुटपुटली, "आत्ता होय दिसलंस?"

आणि दुसऱ्याच क्षणी ती भीती, जी जरा मागे सरली होती, पुन्हा छातीवर चढून बसली. म्हणजे गरज नव्हती. म्हणजे तिचं खरं, शुभ, नवरीचं पोवळं घरात होतं, आणि गळ्यात मात्र माझं गेलं. पळ, भागी, पळ, बदलून दे! तिने पोवळं मुठीत आवळलं आणि ती निघाली. एकोणीस वर्षांत ती वाळूवर गेली नव्हती. पायांना वाट आठवत होती.

किनाऱ्यावर सगळा गाव जमला होता. धूम्रवर्ण क्षितिजातून होड्या येत होत्या. एक आली. दोन आल्या. फाटक्या शिडांच्या, पाण्याने जड झालेल्या. तीन. चार. नावं पुकारली जात होती, बायका पाण्यात धावत होत्या. पाच. मग बराच वेळ नुसत्याच लाटा. मग सहावी, पार दूर, ठिपक्याएवढी, अतिशय हळू येणारी. तिच्यामागे काही दिसत नव्हतं.

लवूची होडी सातवी होती.

शेवंतीजवळ तिची सासू उभी होती. तिने वळून सुनेच्या गळ्याकडे बघितलं. हळकुंड नव्हतं. नवा रेशमी दोरा होता.

"ह्या कोणी ओवला?" सासूने विचारलं.

शेवंती खोटं बोलू शकली असती. पाच पावलांवर भागीकाकी मूठ आवळून उभी होती, आणि तिने मनातून, अगदी मनापासून, पोरीला विनवलं की खोटं बोल.

"भागीकाकीन," शेवंती म्हणाली.

आजूबाजूच्या बायका वळल्या. सासूने सुनेच्या गळ्यावरून नजर भागीकाकीकडे वळवली. भागीकाकीच्या मुठीतलं पोवळं तळव्यात रुतत होतं. धरणीने पोटात घ्यावं, असं तिला खरोखर वाटलं.

"दोर!" कुणीतरी ओरडलं. "सव्या होडीच्या मागे दोर आसा!"

सहावी होडी हळू येत होती, कारण ती एकटी येत नव्हती. तिच्या मागून एक दोर ताणलेला होता, ओला, थरथरता, आणि दोराच्या दुसऱ्या टोकाला, डोलकाठी मोडलेली, शीड गेलेली, अर्धी पाण्यात बुडालेली, पण दोरात पक्की ओवलेली, सातवी. तिच्या नाळीवर, पुढच्या टोकावर, एक माणूस दोन्ही हात वर करून उभा होता.

शेवंती किंचाळली. तिची सासू तिच्याही पुढे, गुडघाभर पाण्यात गेली. मागचं मागे राहिलं; ह्या आनंदात कोण कुणाला काय विचारतो!

भागीकाकी तिथेच वाळूत बसली. बऱ्याच वेळाने शेवंती आली, लवूचा हात धरून, हसत, हुंदके देत. भागीकाकीने मूठ उघडली. "तुजा आसा," ती म्हणाली. "चटयेवर गावला. आण हयसर, गळ्यातला बदलून देतंय."

शेवंतीने तळव्यावरच्या पोवळ्याकडे बघितलं. मग आपल्या गळ्याकडे. मग भागीकाकीची बोटं तिने एकेक करून मिटवली, पोवळ्यावरून, अलगद.

"ऱ्हवांदे," ती म्हणाली. "तुजी जोड तू पुरी कर."

भागीकाकी घरी आली. दिवा लावला. डबी पुढे घेतली आणि आतला लाखेचा मणी उचलला. केवढासा तो, आणि एकोणीस वर्षं केवढा जड! तिने तो चुलीतल्या निखाऱ्यावर टाकला. तो फुसफुसला, वितळला, आणि लाखेचा कडवट वास घरभर फिरून खिडकीतून गेला. त्याच्या जागी तिने पोवळं ठेवलं. उद्या बदलतंय, असं ती म्हणाली होती. बदललं.

बाहेर वारा पडला होता. काळ्या दर्याच्या काठाशी सात होड्या एका ओळीत डुलत होत्या. आणि डबीत, काळ्या मण्यांच्या कुशीत, पोवळं तांबडं होतं, उबदार होतं, निवांत होतं.